पुट

म्हापशात, फार्मसीवरच्या खोलीत
मी फळ्यावर वाक्याचं झाड काढते. मूळ वर, फांद्या खाली.
पागेर धरल्यासारखं दिसतंय, टीचर, मागून कुणीतरी.
खरंय. खाली शिशाचे मणी, ते शब्द.
जाळं पसरतं ते त्यांच्याच वजनानं.

'स्लीप'ला एक माणूस पुरतो.
'पुट' शब्दकोशातून निघतानाच
तीन पाटांचं आवतण देऊन येतं:
कोणी, काय, कुठे.
वाक्यानं मुकाट पाट मांडायचे.
एक रिकामा राहिला की पंगत बसत नाही.

आवेलिनोनं लिहिलं: माय मदर पुट द की.
मी लाल पेन टेकवलं. कुठे?
तेच तर, टीचर.
हळदोण्याच्या घराला अजून कुलूप आहे.
मांय फेस्ताच्या आदल्या दिवशी गेली, बोललीच नाही.

मी म्हटलं, 'समव्हेअर' घाल. चालतं.
आणि चाललंही,
व्याकरणाचं पोट भरलं,
पंगत बसली,
हळदोण्याचं कुलूप तिथंच.

त्यानं ते तोडून लिहिलं. 'सम',
मग बोटभर जागा,
मग 'व्हेअर'.
चूकच ती.
पेनाचं टोपण मी लावून टाकलं.