जवारी

मिरजेत, सतारमेकर गल्लीत,
तंबोरा बघायला आलेला मिशन हॉस्पिटलचा शिकाऊ डॉक्टर
बाकावर कॅसेट विसरून गेला
आणि घात झाला.

चार सुरांचं गाणं. कीबोर्ड प्लास्टिकचा,
ढोल मशीनचा, गाणारा
सर्दी झाल्यासारखा, बहुतेक आरशात बघत.
शब्द कळेनात, म्हणून आम्ही आमचे घातले:
‘जा ना, जा ना, जिन्यावरनं जा ना.’

दिलावरचाचांनी एकदाच ऐकलं.
म्हणाले, ‘ह्याला जवारी नाही.
रिकाम्या बादलीत नळ सोडल्यागत आवाज.’
मग दिवसभर कुणाशी बोलले नाहीत.

मी घोडीवर कानस फिरवत होतो.
जवारी काढताना हात संथ लागतो, श्वासाएवढा.
माझा हात जिन्यावरनं गेला:
टक, टक-टक.
हाडावर ओरखडा, केसाएवढा.

सांगितलं नाही. तंबोरा धारवाडला गेला.

आता मला बऱ्यापैकी इंग्रजी येतं,
गाणं फोनवर सापडेलही,
पण खरे शब्द नकोत मला.

तिकडे कुणी बाई पहाटे षड्ज लावत असेल,
डोळे मिटून,
आणि तिला कळत नसेल
पायाचा अंगठा कशानं हलतोय.