माळ्यावरचा कूलर

एप्रिलात सुगत म्हणाला, कूलरमधून कोणीतरी बोलते.
मी हसलो. इंदोऱ्यात तीस वर्षं कूलरच दुरुस्त करतो मी.
पंप घासला की कुरकुरतो, पातं वाकलं की पुटपुटतं.
मोटर बदलली. गवत बदललं.
पत्रा थरथरत होता, त्याला रबर लावलं.
"आता?"
"आता नाव घेऊन बोलते, बाबा."

मग त्यानं आंघोळ सोडली, पॉलिटेक्निक सोडलं.
शेजारच्या मेंढेबाईंनी लिंबू उतरवलं,
मेहुणा त्याला ताजबागला घेऊन गेला.
मी तिसरी मोटर आणली.

जुलैत कूलर माळ्यावर गेला, प्लास्टिकात बांधून.
त्या रात्री घर इतकं गप्प होतं
की भिंतीवरची पाल ऐकू आली.
सुगत माळ्याकडे नाही,
माझ्याकडे बघत म्हणाला,
"आहेच तो अजून."

मेडिकलच्या ओपीडीत आमचा नंबर एकशे बारा.
डॉक्टर किंमतकर, माझ्या पोरीच्या वयाच्या.
कुठलं मशीन लावतात, मी वाट बघत होतो.
डोक्याचा फोटो साफ निघाला. थायरॉईड साफ.
गांजा? नाही. फिट येते? नाही.
बाकी नुसते प्रश्नच.
आवाज एक की दोन? आपसात बोलतात, याच्याबद्दल?
मनातलं लोकांना कळतं असं वाटतं?
एकटाच हसतो?
कधीपासून?

"कूलर लावला तेव्हापासून," मी म्हणालो,
"आणि काढला तरी."

बाईंचं पेन थांबलं.
एप्रिल, मे, जून... पेरांवर अंगठा
ऑक्टोबरपर्यंत आला, तेव्हा
एक लांबलचक शब्द लिहिला त्यांनी.
मला वाचता येईना. उच्चारून दाखवला.
"म्हणजे दोन माणसं, एकात?"
"नाही हो काका. माणूस एकच. हाच."

जन्मभर मला खोलल्यावरच कळत आलं.
इथे खोलायला काही नव्हतं.
सगळं बाहेरच पडलेलं होतं, तारखांसकट,
आणि मी पत्र्याला कान लावून बसलो होतो.

या मे महिन्यात पारा सेहेचाळीसवर गेला
तरी कूलर मी उतरवला नाही.
तिघं जमिनीवर पाणी शिंपडून झोपायचो.
एका रात्री साडेबाराला सुगत उठला,
गोळ्यांनी जीभ जडच असते त्याची,
म्हणाला, "लावा ना बाबा.
त्याले कूलर नाई लागत."

तो वर चढला. स्टूल मी धरला.
गवत मागच्या सालचंच होतं.