रकाना क्रमांक चौदा

ग्रिम्सबी. खाली मासळीचा लिलाव, वर आमचं वकिलांचं ऑफिस.
लॉरेनबाई कोट न काढताच बसल्यात.
शीतगृहातला रॅक कोसळला, त्याला अकरा आठवडे झाले.

मी विचारते, कारण फॉर्म विचारतो:
नेव्हिल घरात काय काय करायचा? तासांत सांगा.
गेलेल्या हातांची मजुरी
बाजारभावाने मागता येते.

"नेव्हिल? साधा दिवा बदलला नाही कधी."
हसतात. हसू तसंच राहून जातं चेहऱ्यावर.
"रात्रपाळीहून आला की, झोपायच्या आधी,
माझ्या गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडायचा.
बोलला नाही कधी.
मला वाटायचं, आमच्या गल्लीत काचा गोठतच नाहीत."

मी लिहिते: रोज पाच मिनिटं.

"फक्त हिवाळ्यात हं," त्या वाकून बघतात,
"जास्तीचं नका लावू."