टाकीतले खडे

भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी घातकी,
हे परकारला मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.
पेट्रोल दिसतं. वाफ दिसत नाही.
तेव्हा आधी बॅटरीची तार सोड,
कानावरची बिडी बाहेर ठेवून ये,
मग शीर गाडीखाली.

सलमाबादचा ऑगस्ट.
पत्र्याखाली हवा ओल्या घोंगडीसारखी.
घोड्यांवर चढवलेली सत्तावन सालची शेवरलेट,
आणि उलट्या क्रेटवर तिची मालकीण,
लुलवाबाई, रिटायर झालेली मास्तरीण,
थर्मास मांडीवर.
पेट्रोलचं तोंड आम्हाला सापडेना.
त्या उठल्या, मागच्या डाव्या पंखावरची क्रोमची पट्टी
अंगठ्यानं नेमकी दाबली.
आतून वास आला, शाळेच्या बाकांना
नवं वार्निश लावलं की येतो तसा.

दोन पट्टे, दोन लांब बोल्ट.
उजवा सुटला.
डाव्याला गंजानं मुळं फुटलेली.
तेल पाजलं, ठोकलं, मराठीत शिव्या घातल्या,
लोखंडाला दुसरी भाषा कळत नाही असा माझा अनुभव.
शेवटी करवतच.

टाकी जॅकवर खाली येताना
आत काहीतरी घरंगळलं.
"नट असेल," परकार म्हणाला.
नट असा बोलत नाही.

लुलवाबाईंनी कप खाली ठेवला.
"सात आहेत.
बाबा दर शनिवारी रास तनुराला जायचा, लाँचनं.
धक्क्यापर्यंत ही गाडी.
मी सहा वर्षांची होते. स्टूल घेतलं.
वाटलं, दगड पोटात गेले की गाडी आजारी पडेल."

पडली नाही.
खडे तळाशी बसतात, नळी वरून पिते.
बाबा गेला. शनिवारी, आणि पुढच्या शनिवारी,
आणि गाडी वळणावर खुळखुळत राहिली.

मी वरची चकती उघडायला घेतली. सहा स्क्रू.
पाच कारखान्याचे, सहावा भलताच.
खालचं बुच कात्रीनं कापलेलं, हातानं, जरा वाकडं.
म्हणजे कुणीतरी ही टाकी आधी उघडली होती,
आत पाहिलं होतं,
आणि तसंच बंद केलं होतं.

चकती तशीच बाईंच्या हातात दिली.
त्यांनी ती उलटसुलट केली,
वही तपासावी तशी.
बोलल्या काही नाहीत.
परकार उगाच कंप्रेसर बघायला गेला.

देवरुखला शलाकानं माझा पासपोर्ट
तांदळाच्या डब्यात खुपसला होता.
तिला वाटलं, मला सापडला ते नशिबानं.
मला डबा ठाऊक होता. पहाटे हात घातला,
झटकला, निघालो.
प्लास्टिकच्या घडीत एक दाणा राहिला.
तीन पासपोर्ट बदलले,
दाणा एकातून दुसऱ्यात.

मग चार दिवस टाकी धुतली.
साखळी आत सोडून दोघांनी पाळण्यासारखी हलवली,
तांबडं पाणी, मग चहाचं, मग स्वच्छ.
गळ्यापर्यंत पाणी भरून डाग दिला,
कारण वाफेला जागा ठेवायची नसते.
खडे एका बशीत वाळत.
पांढरे, करड्या रेघांचे, एक जरासा शिंपलाच.

नवे पट्टे, खाली रबर, नवी नळी.
बुचही नवं कापलं, शक्य तितकं सरळ.
सहावा स्क्रू मात्र तोच लावला.
"बाई, खडे आत घातले तर आवाज येणार.
अस्तर खरवडेल. गॅरंटी देत नाही."
"नको देऊ."
त्यांनी पट्टी दाबली,
एकेक सोडला, मोजत, अरबीत.

पाच लिटर ओतलं.
रात्रभर खाली वर्तमानपत्र अंथरून ठेवलं,
सकाळी अक्षर न अक्षर कोरडं.

गाडी चौकापर्यंत नेली. वळणावर ऐकू आलं.
परकार मागच्या सीटवर हसायला लागला,
मग थांबला.
पेट्रोलचा काटा अर्ध्यावर.
"पाच लिटरला अर्धा कसा? काटा खोटा बोलतोय, बाई.
उद्या आणा, नीट करतो."
"राहू दे," त्या म्हणाल्या,
"तो बाबाच्या वेळीही
अर्ध्यावरच असायचा."