अर्धी मात्रा

विभागाच्या नोंदवहीत कडोलकर सरांच्या नावापुढे लिहिलंय:
एकतीस वर्षं सेवा, सात विद्यार्थी डॉक्टर,
एक तंबोरा परत केलेला नाही.
तंबोरा माझ्याकडे आहे.
भोपळ्याला चीर, चिरेवर सरांनी खळीनं चिकटवलेली
शहापुरी लुगड्याच्या काठाची पट्टी.

बंदिशींची वही अशी नव्हतीच.
उत्तरपत्रिकांची उरलेली कोरी पानं, लग्नपत्रिकांच्या पाठी,
एक अख्खा अंतरा धारवाडच्या बसतिकिटावर.
स्थायी मराठीत, अंतरा कानडीत.
पाट्यांवरून दगड चालले त्या वर्षी
दोन्हीकडची माणसं घरी येऊन गेली:
सर, तुम्ही नक्की कुणाचे?
सर म्हणाले, थांबा, आधी तंबोरा लागू दे.
त्या दिवशी तो काही लागला नाही.

आणि तो साडेनऊ मात्रांचा ताल!
तबल्याची पोरं जिन्यात शिव्या घालायची.
अभ्यास मंडळाचं पत्र आलं, चौकटीत बसत नाही.
मी विचारलं, ती अर्धी मात्रा मोजायची कशी?
"मोजू नकोस. थोडी वाक, मग समेवर ये."
गाताना वाकायचं? मला वाटलं, सर थकले.
चुकलं की एकच शब्द, मत्तोम्मे, पुन्हा एकदा,
पंगतीत भात वाढणाऱ्याच्या आवाजात.

शोकसभेत कुलगुरू बोलले, शाल कुणाच्या तरी हातात राहिली.
शेवटी धाकटे भाऊ उठले, वडगावचे परशराम,
माइकपासून हातभर लांब.
"गाण्यातलं मला कळत न्हाई.
आमच्या घरात खाली माग होता. पट्टा शिवलेला.
नऊ ठोके झाले की शिवण यायची, पट्टा घसरायचा.
अप्पा वाकून तळहातानं दाबायचे, की माग परत सुरू.
भरमू तिथंच पाटी घेऊन बसायचा.
अप्पांच्या त्या हाताची दोन बोटं गेली, पुढं."
एवढं बोलून ते बसले.
पंख्याचा आवाज तेवढा येत राहिला.

खासबागेतल्या मागांच्या गाळ्यांत आता मोबाइल दुरुस्त होतात.
माझ्याकडे मंगळवारी चार मुली येतात.
हुक्केरीची रेणव्वा नवव्या मात्रेला घाई करते,
समेच्या दारात आधीच जाऊन उभी.
मी तिला मागाचं काही सांगितलेलं नाही.
मी नुसती वाकते.
ती माझ्या पाठीकडे बघते,
तंबोऱ्याच्या त्या पट्टीकडे बघते,
आणि स्वतःच म्हणते,
मत्तोम्मे?