एकवीस, इप्पत्तोंद

उद्यमबागेत, भट्टीच्या मागच्या खोलीत
एक जुनं यंत्र आहे.
ओतलेल्या लोखंडाचा तुकडा त्याच्या जबड्यात धरायचा,
तुटेस्तोवर ओढायचा,
आणि किती ओढीला तुटला ते
ऑफिसातल्या पडद्यावर दिसायचं.
सोमवारपासून दिसेना.

रुद्राप्पा म्हणाले, "यंत्र बोलालंय बघ.
खरं तुझा पडदा ऐकेना झालाय."

रविवारी नवा डिस्प्ले सर्व्हर मीच चढवला होता.

प्रोग्रॅम दार वाजवतो तेव्हा
आधी नाव सांगत नाही, काम सांगत नाही.
पहिला एकच बाइट:
मी आकडे कुठल्या टोकाकडून मांडतो.
मोठं टोक आधी, की धाकटं.
मग ओळखपत्र. मग बाकीचं.
दार उघडलं तर आतून उत्तर येतं,
पडदा एवढा रुंद, रंग इतके,
आणि हे घे क्रमांक, फक्त तुझे,
तुझ्या खिडक्यांना यांतलेच दे.
नाही उघडलं तर हातात शून्य.

हल्ली जवळजवळ सगळेच धाकट्या टोकाचे.
हे म्हातारं मोठ्या टोकाचं.
जुना सर्व्हर मुकाट्यानं
त्याचे बाइट उलटे करून घ्यायचा, वर्षानुवर्षं,
आम्हाला पत्ताही नव्हता.
नव्याला सांगून ठेवलंय:
दुसऱ्या टोकाचा कुणी आला तर घेऊ नकोस.
सुरक्षेसाठी, असं कारण लिहिलंय.
तेही खोटं नाही.

रात्री दहाला गेटबाहेर
निंगव्वाच्या गाड्यावर गेले.
"एकवीस," ती मला म्हणाली.
आणि शेजारच्या ट्रकवाल्याला, तेवढ्याच भज्यांचे,
"इप्पत्तोंद."

हातात सुट्टे पैसे तसेच राहिले.
एक-वीस. एक आधी, मग वीस.
इप्पत्त-ओंद. वीस आधी, मग एक.
जन्म गेला हे ऐकण्यात
आणि कधी ऐकलंच नव्हतं.
"तुला कसं कळतंय गं, कुणाला काय सांगायचं?"
"त्यात काय कळायचं?
कोण 'द्या की' म्हणतंय, कोण 'कोड्री'.
पहिला शब्द येतोय की तोंडातनं."

परत आले. फाइलीत एक ओळ होती.
एका 'नाही'चं 'होय' केलं,
आत यायची परवानगी मात्र त्या एकट्याला.
सर्व्हर पुन्हा सुरू केला.
खिडकी उघडली.
हिरवी रेघ चढत गेली, थरथरली, तुटली.
"इन्नूर इप्पत्तोंद," रुद्राप्पांनी वाचलं.
मी वहीत लिहिलं, दोनशे एकवीस,
आणि लिहिताना हसू आलं,
दोनशे आधी, मग एक, मग वीस.
आमचं टोक कुठलं, देव जाणे.

बंद करायचीही एक रीत असते.
वायर ओढली तरी चालतं.
सर्व्हर समजून घेतो, खिडक्या पुसून टाकतो.
खरं प्रोग्रॅम प्रत्येक शब्द लगेच पाठवत नाही,
थोडे तोंडात धरून ठेवतो,
आणि वायर ओढली की ते तोंडातच राहतात.
नीट मिटवलं तर
आधी राहिलेलं सगळं सांगतो,
पोचलं का विचारतो,
उत्तराची वाट बघतो.
मग खिडक्या, रंग, अक्षरं, बाणाची खूण,
सगळे क्रमांक परत.
उद्या तेच क्रमांक दुसऱ्या कुणाला मिळतील.

पुढच्या महिन्यात यंत्र भंगारात जाणार आहे.
रुद्राप्पांना माहीत आहे,
त्यांचंही वय भरतंय त्याच आठवड्यात.
"तवर तरी नीट मिटव त्याला," एवढंच म्हणाले.

मिटवलं.
पडद्यावर राखाडी उरली.
त्यांनी डबा घेतला, चप्पल चढवली,
दारातल्या वॉचमनला म्हणाले, "बर्तेनि,"
आणि मागं वळून मला, "येतो गं."
जातो असं
दोन्हीकडं कुणीच म्हणत नाही.