हळदीचा अंगठा

जुन्या बाजारात मी बुधवारी जातो.
रविवारची माणसं तबकड्या शोभेला नेतात,
मधोमध भोक असतंच, घड्याळ बसवतात म्हणे.
मणियार विचारतो, "अशांना विकू का नको?"
वीक बाबा, तुला घर आहे.
पण आधी मला दाखवत जा.

माझी मतं फार नाहीत. आहेत ती बदलत नाहीत.

तीन मिनिटांत ज्याला मारवा दाखवता येत नाही
त्याला तीन तास देऊनही सूर्य मावळत नाही.
लाखेच्या तबकडीवर जागाच तेवढी;
जुनी माणसं गायची ती
आमटी संपत आलेल्या वाढप्यासारखी,
शेवटच्या पानापर्यंत पुरवायची,
आणि चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही.

पेटीवर माझा राग नाही.
लग्नातल्या थोरल्या आत्यासारखी ती
नको तिथं पुढे पुढे करते, इतकंच.

तंबोरे नीट लागले की मला भूक लागते.
हे डॉक्टर गद्र्यांना सांगितलं.
त्यांनी साखर तपासून आणायला सांगितली.

पुस्तक जुनं घ्यावं. अप्पा बळवंत चौकात
गाईडांच्या ढिगाखाली गाण्यावरचं एखादं सापडतं,
समासात पेन्सिलीनं लिहिलेलं: "साफ चूक."
लेखकापेक्षा माझा त्या पेन्सिलीवर विश्वास.
गवयांची चरित्रं मी मागून वाचतो, नामसूचीपासून.
ज्याचं नाव एकाच पानावर येतं
त्याच्याकडे खरी हकिकत असते.

मिसळीबरोबर स्लाइस. पाव नाही.
यावर चर्चा नाही.
कोथिंबिरीची वडी तळावी;
नुसती उकडून खाणाऱ्यांनी
माझ्याकडे तराणा मागू नये.
मस्तानी प्यायची की खायची ते अजून ठरत नाही,
ठुमरीचंही माझं तसंच आहे.

आणि खरकट्या हातानं तबकडीला शिवायचं नाही.

हा नियम ब्याऐंशी सालचा, अच्युत टिळेकरमुळे झालेला.
अच्युत माझा साडू. कान चांगला, हात वाईट.
बागेश्रीच्या पाकिटावर हळदीचा अंगठा सापडला
तेव्हा त्याच्या हातात साबुदाणावडा होता.
मी बोललो. जरा जास्तच बोललो.
साबुदाणावड्यात हळद नसते, हे तेव्हा सुचलं नाही.
तो आजही येतो, दिवाळीला, दारापर्यंत.
फराळाचा डबा देतो आणि स्कूटर चालू ठेवतो.

परवा पाकिटं पुसायला काढली.
डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून मला नको ते दिसतं.
अंगठा फिका झालाय, पण आहे,
आणि त्याच्यातून तिरकी जाते एक कोरी रेघ,
हळद न लागलेली.
मी माझा डावा अंगठा बघितला.
सातव्या वर्षी विळीवर कापलेला,
खोबरं चोरताना.

मग आठवलं ते सगळं पिवळंच.
सुनीती बाळंतपणाला ससूनमध्ये, घरी मी एकटा,
पिठलं कढईतूनच खाल्लेलं, उभ्यानं,
आणि एकच बाजू चारदा लावलेली.
पाचव्यांदा लावणार तोच शेजारच्या दुकानातून पोऱ्या आला,
फोन आलाय म्हणाला, मुलगी झाली म्हणाला.
हात धुतले होते का, कुणी विचारलं नाही.

अच्युतला फोन केला.
"हॅलो" नंतर मला समेवर येता येईना.
हवा, पेट्रोल, त्याचे गुडघे,
नारळ किती महाग झालेत,
नुसतीच आलापी.
शेवटी म्हणालो, बुधवारी ये, बागेश्री लावतो.
तो म्हणाला, "तुझ्याकडे पायपुसणं असतं दाराशी,
आता हातपुसणंही ठेवलंयस का?"

मी म्हणालो, पिठलं करतोय.
बराच वेळ नुसती खरखर.
मग म्हणाला,
"पातळ करू नकोस. पिठलं पातळ असूच नये."

हे मत चूक आहे.
साफ चूक.
पण मी पेन्सिल उचलली नाही.